आठ डोळ्यांची भिंत

१८ ऑगस्ट, सोमवार. राजुरा

डॉक्टर म्हणाले, रोज पानभर लिहीत जा, हात चालता राहील. म्हणून ही वही. नाहीतर मी आणि लिहिणं! झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात माझी उभी हयात गेली. राजवाडा, जंगल, तुरुंग, देऊळ, चौकातला रस्ता, काय म्हणाल ते या उजव्या हातानं मांजरपाटावर उभं केलं. आता तोच हात ब्रश उचलला की थरथरायला लागतो. खिशात ठेवला तर गरीब गाय. चंद्रपूरचा डॉक्टर अगदीच पोरगेला. म्हणाला, गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाणार नाही, आणि दुपारी झोप येईल. बरं म्हणालो आणि उठलो.

कांताला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी बीपी दाखवायला गेलो होतो. कांता म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यापासून माझे रंग तीच कालवते. 'हा माझा उजवा हात' असं मी चारचौघांत सांगतो आणि लोक हसतात, कारण बाई आहे डावखुरी.

वही आजच उघडायचं कारण, काम आलंय. दोन हंगाम एकही पडदा नव्हता. नाटक कंपन्या आता मागे एलईडीचं चित्र लावतात. आणि परवा उर्वशी मॅडम घर शोधत आल्या. नाव अप्सरेचं, अभ्यास कोळ्यांचा. मोहर्लीला त्यांच्या संस्थेचं माहिती केंद्र होतंय. सफारीच्या गाडीची वाट पाहत लोक जिथं बसतील, त्या दालनाची मोठी भिंत रंगवायची आहे. मी म्हणालो, वाघ ना? त्या म्हणाल्या, "नाई काका. कोळी. जगातले उड्या मारणारे कोळी." मी कांताकडे पाहिलं. कांता छताच्या कोपऱ्याकडे पाहत होती, तिथं जाळं होतं.

संस्थेच्या साहेबांना खरं म्हणजे फ्लेक्स हवाय. मॅडमनी हट्टानं हातचं काम मागून घेतलंय. पावसाळ्यात बंद असलेला ताडोबाचा आतला भाग एक ऑक्टोबरला उघडतो. त्याआधी भिंत झाली नाही किंवा काम फसलं, तर फ्लेक्स लागेल. आणि तो छापणार कोण? आमचा अश्वजित. ज्या मशीननं बापाचा धंदा बसवला, त्याच मशीनपुढे चंद्रपूरला पोरगा बसलाय. भांडण नाही आमचं, पण मी त्याच्या दुकानाची पायरी चढत नाही.

मी मॅडमना हो म्हणालो. हाताचं बोललो नाही. बोललो असतो तर चहा पिऊन निघून गेल्या असत्या.

२१ ऑगस्ट, गुरुवार. मोहर्ली

केंद्राच्या मागच्या खोलीत मुक्काम. भिंत पाहिली. नाटकाच्या पडद्यापेक्षा लांब आहे. पण तोंडानं म्हणालो, "एवढीशीच?"

मॅडमनी लॅपटॉपवर फोटो दाखवले. मी आयुष्यात एवढा वेळ कोळ्याकडे पाहिलं नव्हतं. हे जाळं विणून वाट पाहत बसत नाहीत. शिकार हेरतात, दबा धरतात आणि झेप घेतात. "म्हणजे हे भी वाघच," मी म्हणालो. मॅडम खूश झाल्या. डोळे आठ. दोन मोठे पुढे, त्यांच्या शेजारी दोन लहान, बाकीचे डोक्याच्या बाजूंना, मागचंही दिसावं म्हणून.

तेवढ्यात कांता म्हणाली, "अजी, इकडं पाहा. यानं माह्याकडं मान वळवली." भिंतीवर चण्याच्या डाळीएवढा करडा कोळी होता. मी बोट नेलं तसा तो माझ्याकडे वळला.

मॅडम म्हणाल्या, "घरोघरी असते हा. याले हलणारं दिसलं का झेप घेते. स्थिर असलं तं नाई."

कांतानं त्याला झटकू दिलं नाही. म्हणाली, राहू द्या, त्याचीच भिंत आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा झाला, कामाला सुरुवात केली. ओल्या चुन्यात बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर रेघा पाडल्या. कांतानं एक टोक धरलं, मी दुसरं. दोरी झटकली की सरळ रेघ. त्यात हाताचा काही संबंध नाही, म्हणून आज मजेत होतो.

मी पडदेवाला, माझं चित्र शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी. मॅडमचे कोळी तांदळाच्या दाण्याएवढे, मी ते म्हशीएवढे आखले. केंद्राचा चौकीदार नथ्थू पाहून गेला. म्हणाला, "पेंटरभाऊ, वाघ पाहायले आलेला मानूस हे पाहून इथूनच वापस जाईन." जाऊ दे म्हणालो, त्याच्या जागी दुसरं गिऱ्हाईक येईल.

मॅडमना एक नियम सांगून ठेवलाय. बुद्धाची मूर्ती असो, बाबासाहेबांचं चित्र असो की नाटकातला राक्षस, आमच्याकडे डोळे शेवटी. आणि डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, ज्यानं चित्र काढलं त्याच्याच हातानं. त्या म्हणाल्या, "एका कोळ्याचे आठ, म्हणजे कामच आहे, काका." खरंच आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

रेघ धरायला लागल्यापासून वाईट दिवस. आधी हिमालयातला कोळी घेतला. एव्हरेस्टवर बर्फात राहतो, वाऱ्यानं उडून आलेले किडे खातो. मॅडम म्हणतात, याच्याइतक्या उंचावर कायम राहणारा प्राणी सापडणं कठीण. मोठे रंग छान भरले. पायावरचे केस काढायला बारीक ब्रश घेतला आणि हात जो सुटला, तो केस म्हणजे गिचमीड झाली. कोणी नव्हतं हे बरं. कांता होती, पण ती खाली मान घालून डबे पुसत होती.

आजकाल कांता मला चहासुद्धा अर्धाच कप देते. साखर वाचवते की दूध, देव जाणे. विचारलं तर म्हणते, पुन्हा करून देईन ना.

३० ऑगस्ट, शनिवार

नवल! काल दुपारी गोळी घेऊन झोपलो ते संध्याकाळी उठलो. आज सकाळी भिंतीपुढे गेलो तर केस तितके वाईट नाहीत. नाहीत काय, चांगले आहेत. आमच्या पावडरच्या रंगाचं असंच असतं. सरस घालून लावला की ओला असताना काही खरं नसतं, वाळला की बसतो. हा डब्यातला रंगही तसाच दिसतो. आणि गोळ्याही लागू पडल्या असतील. उगीच रात्रभर तळमळलो.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज फजिती झाली. मी व्हिक्टोरिया सरोवराकाठचा कोळी रंगवत होतो. आफ्रिकेतला. हा रक्त प्यायलेले डास वेचून खातो, म्हणजे माणसाचं रक्त डासाकडून वसूल करतो. मी म्हणालो, असा एक आमच्या राजुऱ्यात पाठवा. मॅडम बाजूला उभ्या होत्या. मी ब्रश भिंतीजवळ नेला आणि आमच्या करड्या पाहुण्यानं टुणकन उडी मारून ब्रशच्या टोकालाच मिठी मारली! माझ्या हातून ब्रश सुटला.

मी हसलो. कांताही हसली, जरा जास्तच मोठ्यानं. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या. मी हात खिशात घातला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काकू भी रंगवतात का?"

"ते रंग कालवते," मी म्हणालो. "रंगवाचं म्हणजे येगळं काम हाय, मॅडम."

 कांता चार डबे घेऊन नळावर गेली.

६ सप्टेंबर, शनिवार

काम धावतंय. सकाळी मी मोठे रंग भरतो आणि बारीक काम जमेल तसं करतो. दुपारी मेल्यासारखा झोपतो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर सगळं जागच्या जागी बसलेलं. हात परत येतोय. आता तर मी घाईत ब्रशचे फटके मारून सोडून देतो, वाळलं की बसेल.

आज दोन कोळी. एक मध्य अमेरिकेतला, शाकाहारी. बाभळीच्या जातीच्या झाडावर राहतो, पानांची कोवळी टोकं खातो. झाडाला राखणीला मुंग्या असतात, त्यांना हुलकावणी देत फिरतो. दुसरी तैवानकडची, दिसायला हुबेहूब मुंगी. ही पिलांना दूध पाजते. मी मॅडमना दोनदा विचारलं, दूध? तर म्हणाल्या, दुधासारखंच असतं, पोटाखालून पाझरतं, आणि पिलं स्वतः शिकार करायला लागली तरी रात्री आईकडे येऊन पितात.

कांता ऐकत होती. म्हणाली, "आपला अश्वजित भी तसाच होता." मग फोन काढून त्याला चित्र दाखवायला अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती. मला वाटतं, माझ्या कामाचं कौतुक चाललं असावं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज रंगवला तो मला फार आवडला. वाळलेल्या पानाच्या तुकड्यासारखा दिसतो. दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यावर जातो आणि तार अशी छेडतो की मालकिणीला वाटतं, शिकार अडकली. ती येते आणि हा तिलाच खातो. एका तऱ्हेनं जमलं नाही तर दुसऱ्या तऱ्हेनं छेडतो. फसवणाऱ्याचं कामही किती नाजूक असतं!

एक गोष्ट मात्र समजत नाही. माझा केसाचा फटका नेहमी उजवीकडून खाली येतो. सगळे पडदे तसेच. इथं बऱ्याच पायांवर केस डावीकडून उतरलेले दिसतात. भिंतीवर खिडकीचा उजेड तिरका पडतो, म्हणून तसं दिसत असेल. मॅडमना दाखवणार होतो, मग म्हटलं नको, त्या पुन्हा हाताकडे पाहतील.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मोठी चूक केली आणि चूक माझ्या धंद्याची. भिंतीच्या मधोमध ऑस्ट्रेलियाचा मोरकोळी आहे. मोरासारखा रंगीत पंखा असतो, तो उभारून आणि पाय हलवून जोडीदारापुढे नाचतो. तिला नाच पसंत पडला नाही तर ती त्याला खाऊनही टाकते. मॅडम चार दिवस चंद्रपूरला होत्या. मी खूश होऊन जोडी रंगवली. मादीला सगळं दिलं. निळा, शेंदरी, हिरवा, काठाला सोनेरी. नर ठेवला मातकट, मागे उभा.

मॅडम आल्या आणि कपाळाला हात लावला. "काका, उलटं झालं! रंग नराचे असते. मादी भुरी, साधी."

मी म्हणालो, "आमच्या स्टेजवर भरजरी साडी नटीलेच देते, मॅडम. पब्लिक तिलेच पाहाले येते."

"इथी पब्लिक म्हणजे मादीच आहे," त्या म्हणाल्या.

मी वाद घालणारच होतो. कांता रंग ढवळता ढवळता म्हणाली, "बरोबरच हाय. जे पाहून राह्यली तिले रंग कायले पायजे?"

 दोन्ही पुसले. नर पुन्हा केला, मनसोक्त. असं काम असलं की हात थरथरला तरी पंखा फडफडल्यासारखा वाटतो. मादीची जागा कोरी ठेवलीय.

२१ सप्टेंबर, रविवार

मादी टाळतोय. भुऱ्या रंगावर भुरे केस, त्यात फिका करडा, सगळं बारीक. चूक झाकायला रंगच नाही. तिच्याकडे ब्रश घेऊन दोनदा गेलो आणि परत आलो.

साहेब येऊन गेले. कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, हे काय? मॅडम म्हणाल्या, होईल. ते म्हणाले, एकोणतीसला मी येतो. भोक दिसलं तर पूर्ण भिंतीवर फ्लेक्स चढेल, फाइल चंद्रपूरला पाठवून ठेवलीय. म्हणजे बाकीचे सगळे कोळीही झाकले जाणार. मॅडमचा चेहरा पडला. माझ्या भरवशावर ती पोरगी साहेबांशी भांडली होती.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज दुपारी वीज गेली. पंखा थांबला तसा घामानं मी जागा झालो. एरवी उठलो नसतो. कांता खोलीत नव्हती. दालनाकडे गेलो तर दार लोटलेलं होतं.

कांता माझ्या स्टुलावर बसली होती. पदर कमरेला खोचलेला, डाव्या हातात माझा सगळ्यात बारीक ब्रश. कोऱ्या जागेत मादीचं अंग उतरलं होतं आणि ती पहिल्या पायाचे केस ओढत होती. डावीकडून खाली. एकेक केस आपल्या जागी पडत होता. तिच्या हातापासून बोटभर अंतरावर तो करडा कोळी बसला होता, आणि उडी मारत नव्हता. नुसता पाहत होता. माझा ब्रश त्याला माशी वाटतो. तिचा हात त्याला भिंतीसारखाच वाटत असेल.

मी दारातून परत आलो आणि खाटेवर पडलो. आधी राग आला. माझ्या चित्राला हात लावायची हिची हिंमत कशी झाली, असंच मनात आलं, खोटं कशाला लिहू. मग लाज वाटली. रंग वाळला की बसतो म्हणे! सगळा जन्म पडदे रंगवले आणि एवढं कळू नये? रंग बसतो. रेघ कुठं बसते?

ती आली तेव्हा मी डोळे मिटून होतो. तिनं माझ्या अंगावरची माशी हाकलली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस दुपारी झोपत नाही. गोळी जिभेखाली ठेवतो आणि थुंकून टाकतो. खुर्ची टाकून दालनात बसतो. कांता डबे पुसते, पुसलेले पुन्हा पुसते. "पडा ना जरासे," असं दोनदा म्हणाली. मी म्हणालो, "झोप नाई येऊन राह्यली."

मादीला एकच पाय आहे. मला वाटलं होतं, मी स्वतःच पुरी करीन. आज प्रयत्न केला. दुसऱ्या पायाचा पहिलाच केस तिच्या पोटापर्यंत गेला. कांतानं पाहिलं. मी पाहिलं की तिनं पाहिलं. ओल्या फडक्यानं तो केस पुसला आणि चहा मागितला. तिनं अर्धा कप आणला. कपाकडे पाहत राहिलो. माझा हात पुढे गेला, कप उचलला, चहा काठापर्यंत हेलकावला आणि सांडला नाही. अर्धा होता म्हणून सांडला नाही. साखर वाचवते असं मी या वहीत लिहिलंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

अश्वजित आला, फ्लेक्सची गुंडाळी घेऊन. गाडीतून उतरवणार होता, पण आधी भिंत पाहतो म्हणाला. एका टोकापासून हळूहळू चालत आला. हिमालयवाला, डासवाला, दूध पाजणारी. तिच्यापुढे थांबला.

"बाबा, हे केस आईचे हायेत."

मी म्हणालो, "तुले कसं समजलं?"

"शाळेत माह्ये चित्रं कोन काढून देत होतं? तुमी तं दिवाळीपासून होळीपर्यंत कंपनीसंग राहत होते. गुरुजी म्हणत, बापावर गेला पोरगा. मी काही बोलत नव्हतो." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "दोन सालापासून आई तुमच्या हाताचं सांगते मले. म्हणूनच म्हणलं होतं, पडदे बंद करा, दुकानात येऊन बसा. तुमाले वाटलं, पोट्टा माजला."

मला तसंच वाटलं होतं. अजून वाटत होतं, आजच्या सकाळपर्यंत.

कांता स्वयंपाकाला गेली होती म्हणून बरं झालं. गुंडाळी त्यानं गाडीतच ठेवली. जाताना म्हणाला, "मी परवा येतो. लावाची गरज पडली तं लावू." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थरथरला, ठेवला तरी.

नंतर जेवलो, मोठी जांभई दिली आणि कांताला ऐकू जाईल असं म्हणालो, "आज लय झोप येऊन राह्यली." पाठ करून पडलो. तिच्या बांगड्या दाराबाहेर गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत जागा होतो. इतकी लांब दुपार कधी गेली नाही, आणि इतकी चांगलीही.

२८ सप्टेंबर, रविवार

मादीचे सगळे पाय झाले. मादी अशी उतरलीय की नराचा एवढा रंगीत पंखा असून नजर तिच्यावर जाते. साधी, भुरी, आणि सगळं पाहणारी. मी पडदे रंगवून रंगवून म्हातारा झालो, मला असं काम आलं नसतं. हात चांगला होता तेव्हाही नसतं. हे लिहायला जड गेलं, पण डॉक्टरांनी रोजचं खरं लिहायला सांगितलंय. म्हणजे खरं असं ते म्हणाले नव्हते, ते मीच धरलं.

आता डोळे राहिले.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सगळ्यांच्या आधी मी दालनात गेलो, पांढरा रंग कालवला. पातळ झाला, पुन्हा केला. इतक्या वर्षांत रंग कालवायची सवय गेलीय. स्टूल भिंतीशी लावलं, बारीक ब्रश धुऊन ठेवला आणि कांताला हाक मारली.

ती आली, स्टूल पाहिलं, माझ्या हातातली रंगाची ताटली पाहिली, आणि उभी राहिली.

"डोळे दे," मी म्हणालो.

"मी कायले? तुमचं काम हाय ते."

"कांता, मी पायलं. त्या दिवशी लाइन गेली होती."

तिनं स्टूल पदरानं पुसलं. मग म्हणाली, "रागावले?"

"रागावलो होतो. आता नाई."

"डोळे चित्राच्या मालकानं द्या लागते," ती म्हणाली. "तुमीच सांगता."

"म्हणून तं तुले म्हणून राह्यलो."

ती स्टुलावर बसली. मी ताटली धरली. ताटली थरथरत होती, कांता प्रत्येक वेळी माझं मनगट उजव्या हातानं धरायची आणि डाव्या हातानं ब्रश बुडवायची. एकेक ठिपका ठेवत गेली आणि एकेक कोळी पाहायला लागला. भिंतीवरचा करडा कोळी बाजूला सरकून तिच्यासाठी जागा करत होता.

साहेब आले, अश्वजित आला, मॅडम आल्या. साहेब मधोमध उभे राहिले आणि मादीपुढे वाकले. "ही सगळ्यात जिवंत आहे," ते म्हणाले. मॅडम कांताच्या बोटांवरच्या पांढऱ्या रंगाकडे पाहत होत्या. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, हे मला आता कळलं. मी म्हणालो, "साहेब, हे माझ्या बायकोनं काढलं. बाकीच्यातलं भी अर्ध्याच्या वर तिचंच हाय." साहेब जरा गोंधळले, मग त्यांनी कांताला नमस्कार केला. फ्लेक्सची गुंडाळी गाडीतच राहिली.

सगळे गेल्यावर सहीचं निघालं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पेंटरची सही असते, 'पेंटर बापूराव, राजुरा', खाली वळणदार रेघ. मी ब्रश कांताच्या हातात दिला. "तुह्या नावाची सही कर."

तिनं ब्रश धरला, हात भिंतीपर्यंत नेला आणि खाली घेतला.

"मले माही सही नाई येत," ती म्हणाली. "मले तुमचीच येते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. मग शेवटचे पडदे आठवले. 'तुमी जेवून घ्या, मी आवरून येते,' असं ती म्हणायची. मी जेवून येईपर्यंत सही झालेली असायची, आणि मी समजायचो, मीच करून गेलो.

मी खडू घेतला. कोपऱ्यात लिहिलं: कांता. काना वाकडा गेला, त-ची शेपटी भलतीकडे, वरची रेघ तर बैलगाडीच्या वाटेसारखी. तिला म्हणालो, आता याच्यावर रंग भर. मला वाटलं, ती सरळ करून घेईल. माझ्या इतक्या रेघा तिनं सरळ केल्यात. पण तिनं एकही वळण सरळ केलं नाही. माझा हात जिथं जिथं थरथरला होता, तिथं तिथं तिनं ब्रश तसाच नेला.

१ ऑक्टोबर, बुधवार

केंद्र सुरू झालं. पर्यटक आले, नथ्थूनं त्यांना बसवलं. वाघ कुठं दिसेल असं विचारत होते, मग हळूहळू गप्प होऊन भिंत पाहायला लागले. एका बाईनं कोपऱ्यात वाकून नाव वाचलं आणि विचारलं, "कांता कोण?" मी बोट दाखवलं.

दुपारी कांतानं चहा आणला. मी म्हणालो, "पुरा भर." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काठोकाठ भरला. उचलला तसा सांडला, बशीत, थोडा धोतरावर. बशीतला बशीतून प्यालो.